आधी कोण निघालं?

गल्लीत एक जण थांबून वर बघायला लागला की दुसरा थांबतो, मग तिसरा. थोड्या वेळात अख्खी गल्ली माना वर करून उभी. वर काय असतं? तारेत अडकलेला पतंग, नाहीतर काहीच नाही. अशा वेळी आमच्या अक्का चुकूनही वर बघायच्या नाहीत. आपल्या पायरीवर बसून त्या वर बघणाऱ्यांची तोंडं बघायच्या. सगळ्यांची बघून झाली की मोठ्यांदा विचारायच्या, "काय दिसतंय रं?" मग पहिला दुसऱ्याकडे बघायचा, दुसरा तिसऱ्याकडे. अक्का समाधानानं पुन्हा शेंगा सोलायला लागायच्या.

अक्का म्हणजे माझ्या सांगलीतल्या घरमालकीण. मी मूळचा मेढ्याचा. एका लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून सांगलीला आलो आणि नदीकडच्या जुन्या भागात खोली शोधत फिरत होतो. दारावर पाटी दिसली, आत गेलो. सत्तरीच्या एक बारीक, काटक बाई समोर आल्या. मला वर घेऊन गेल्या, दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आत सुरू झाल्या.

"खोली गळतीय. पावसाळ्यात बादली ठेवाय लागतीय. डास लय हायत. नदी हितनं जवळ, पाणी आलं तर पहिलं आपल्या गल्लीत येतंय. घ्यायची असली तर घे."

मी म्हटलं, "आवं, तुमाला खोली द्यायचीय का न्हाई?"

"द्यायचीय की. पण मला खोटं न बोलायचा नेम हाय."

ही नेमाची गोष्ट मला तेव्हा नवीन होती. अक्का जैन. त्यांच्यात कुणी कांदा-बटाटा सोडतं, कुणी दिवस मावळल्यावर जेवत नाही. अक्कांनी हे सगळं तर पाळलंच होतं, वर ऐन तरुणपणी मुनिमहाराजांपुढे हात जोडून खोटं न बोलण्याचा नेम घेतला होता. एवढ्या वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. लपवायच्याही नाहीत. "दागिनं मोडलं, शेत मोडलं, नेम न्हाई मोडला," असं त्या सांगायच्या, आणि सांगताना ताठ बसायच्या.

मी खोली घेतली. बादलीसकट घेतली.

नेमाचा त्रास त्यांना कमी आणि आम्हाला जास्त. एकदा माझ्या ऑफिसातल्या एका चिकट माणसाचा फोन आला. मी अक्कांच्या हातात मोबाईल देऊन खुणेनं सांगितलं, नाही म्हणून सांगा. अक्का फोनवर म्हणाल्या, "त्यो हितंच बसलाय. पण तुमच्याशी बोलायचं न्हाई म्हणतोय." शेजारच्या बाईंनी नवी साडी दाखवली की गल्लीतल्या सगळ्या बायका छान छान म्हणायच्या आणि मग अक्कांच्या तोंडाकडे बघून पटकन विषय बदलायच्या.

त्यांची भाषा या मुलखातल्या जुन्या बायकांची. 'मी येतो', 'मी जातो', 'मी सांगितलो' असंच बोलायच्या. मला त्या कधी नावानं हाक मारत नसत. माझं नाव 'मेढ्याच्या'. "अरं मेढ्याच्या, दळण आण," म्हटलं की मी निघालोच.

कोपऱ्यावर भडंगाची, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांची, दोन दुकानं होती. एकावर सदा गर्दी, दुसऱ्यावर माश्या. अक्का हटकून माश्यांच्या दुकानात जायच्या. मी एकदा त्यांच्या पुडीतला घास घेतला. मऊ पडलेला, खवट. म्हटलं, "अक्का, हे वाईट हाय." त्या शांतपणे चावत म्हणाल्या, "वाईटच हाय. पण माझं मी खाऊन ठरवलंय. तू त्या दुकानात का जातोस, सांग बघू?" तरी मी गर्दीच्याच दुकानात जात राहिलो, कारण भडंग तिथलाच चांगला होता. अक्का नेहमी बरोबर असायच्या असं मी म्हणणार नाही.

पण त्यांचा रुमाल! त्याबद्दल मात्र मी कुठंही सांगतो. आता मी साताऱ्यात असतो, ऑफिसच्या बैठकांना बसतो, आणि साहेब "सगळ्यांना मान्य ना?" म्हणाले की सगळे माना डोलावतात. तेव्हा मला अक्का आठवतात आणि छाती जरा पुढं येते. मी कुणाच्या घरात राहिलोय ते या लोकांना माहीत नाही, असं वाटतं.

अक्कांचे यजमान हळदीचे अडते होते. जुन्या काळी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. व्यापारी आणि अडते एकमेकांचा हात रुमालाखाली धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. भोवती माणसांचा गराडा असला तरी कुणी काय भाव लावला हे दुसऱ्याला कळायचं नाही. पुढं ती पद्धत गेली, उघड बोली आली, आणि त्यात शेतकऱ्याचं भलंच झालं असं अक्काही कबूल करायच्या. पण घरात ती पद्धत राहिली. लग्न होऊन अक्का आल्या तेव्हा घर माणसांनी भरलेलं, सासूसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नाही. यजमान म्हणे जेवताना मांडीवरचा रुमाल पसरायचे आणि त्याखाली नव्या नवरीचं बोट धरायचे. एक बोट दाबलं की होय, दोन दाबली की नाही. "माहेरला जायचंय का, असं त्यांनी पहिल्यांदा रुमालाखालीच इचारलं," अक्का सांगायच्या. "सासूबाई म्हणत होत्या, तिला काय जायचं न्हाई, ती खूश हाय. मी वर मान डोलावत होतो आणि खाली एक बोट दाबून धरलं होतं."

यजमान गेले, रुमाल अक्कांच्या कमरेला आला. कुणाचं खरं मत हवं असलं की त्या समोरच्याच्या हातावर रुमाल टाकायच्या आणि म्हणायच्या, "बोट धर." त्यांचं म्हणणं एवढंच होतं की चारचौघांत माणूस स्वतःचं बोलत नाही, बाकीच्या तिघांचं बोलतो.

एका वर्षी गल्लीच्या गणपती मंडळाची बैठक होती. डॉल्बी आणायचा का? डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेली ती कर्ण्यांची भिंत, जिच्यापुढं काळीज घशात येतं. अध्यक्ष म्हणाले, "आणायचा ना?" सगळ्यांचे हात वर. तात्यांचाही हात वर. हे तात्या आमच्या समोरच राहायचे. निवृत्त हेडमास्तर. गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. ते मान हलवतील तशी गल्ली हलायची.

अक्का उठल्या. "जरा थांबा," म्हणाल्या आणि रुमाल घेऊन एकेकाकडे गेल्या. पोरं हसत होती, पण प्रत्येकानं हात पुढं केला. अध्यक्षांनीही केला. फेरी संपवून अक्का परत जागेवर आल्या.

"कुणी किती बोटं दाबली ते मी सांगणार न्हाई. पण एकालाबी डॉल्बी नको हाय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षच पहिल्यांदा हसले, कारण त्यांच्या घरात म्हातारी हृदयविकाराची होती आणि बिचाऱ्याला वाटत होतं की आपण नाही म्हटलं तर पोरं नाराज होतील. पोरांना वाटत होतं अध्यक्ष नाराज होतील. त्या वर्षी झांजपथक आलं. अक्का पायरीवर बसून ऐकत होत्या, आणि आवडलं का विचारलं तर म्हणाल्या, "बरं हाय. शेवटी जरा लांबलं."

आता पुराचं सांगतो.

पाऊस वरच्या अंगाला कोसळत होता, धरणातून पाणी सुटत होतं आणि नदी रोज चढत होती. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तात्यांचा मेसेज यायचा, 'घाबरू नका. मी सांगेन तेव्हा हलायचे.' त्याखाली सगळ्यांचे अंगठे आणि जोडलेले हात. मी अक्कांना वाचून दाखवायचो. "हात कशाला जोडल्यात?" त्या विचारायच्या. "पाण्याला का तात्याला?"

तात्यांनी गल्लीच्या नदीकडच्या तोंडाला एक वीट ठेवली होती. पाणी विटेला लागलं की विचार करायचा, असं ठरलं. पाणी विटेला लागलं. तात्यांनी विचार केला आणि वीट मागं सरकवली. पुन्हा लागलं, पुन्हा सरकवली. दर वेळी ग्रुपवर मेसेज, 'अजून विटेला लागलेले नाही.' आणि खाली अंगठे. यात तात्यांची लबाडी नव्हती. गल्ली आपल्या तोंडाकडे बघतेय, आपण घाबरलेलं दिसता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

वीट ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी गल्लीत घोट्याच्या वर आलं. अक्कांनी रुमाल काढला. मी छत्री धरली आणि आम्ही घराघरांतून फिरलो. आमची गल्ली मधेच वळते. नदीकडच्या टोकाला किराणा दुकानवाल्यांचं घर, वरच्या टोकाला तात्या आणि आम्ही. या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही.

दुकानदार दारातच उभे होते. पोती माळ्यावर चढवलेली. तोंडानं म्हणाले, "बघू की. तात्या हायत तवर आमाला काय भ्या न्हाई." रुमालाखाली मात्र त्यांनी बोट दाबलं. जायचंय. आत त्यांची सून पलंगावर बसली होती. दिवस भरलेले, पाय सुजलेले. सासऱ्यांच्या देखत तीही म्हणाली, "मामंजी म्हणतील तसं." अक्कांनी रुमाल टाकला. तिनं बोट धरलं ते धरलंच, सोडेना. अक्का वाकून उभ्या, ती खाली मान घालून बसलेली आणि रुमालाखाली ती मूठ. शेवटी अक्कांनी दुसऱ्या हातानं हळूच तिची बोटं सोडवली.

घरोघर तेच. तोंडानं 'बघू की', रुमालाखाली एक बोट. तात्यांकडे आलो. तात्या म्हणाले, "अहो अक्का, दुकानवाल्यांची सून अवघडलेली, तरी ते निवांत बसलेत. आणि मी हेडमास्तर माणूस आधी पळून जाऊ? लोक काय म्हणतील?" बोट मात्र त्यांनीही एकच दाबलं, आणि चांगलं जोरात दाबलं.

अक्कांनी मग खरं तेच सांगून बघितलं. पुन्हा सगळीकडे फिरून सांगितलं, सगळ्यांना जायचंय, एकालाही राहायचं नाही. डॉल्बीच्या वेळी एवढ्यानं भागलं होतं. पण या वेळी प्रत्येकानं एकच विचारलं, "मग कोण निघालंय का?" अक्का म्हणायच्या, "अजून न्हाई." की लगेच, "मग बघू की. कुणी हाललं की आमी हालतोच."

त्या परत येऊन पायरीवर बसल्या. पाणी पायरीला टेकलं होतं. मी इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. पाठ वाकलेली, त्या पोरीनं ज्या हाताचं बोट धरलं होतं तो हात मांडीवर उलटा ठेवलेला. मी म्हटलं, "अक्का, आपण दोघं तरी जाऊ या."

"आपण दोघं गेल्यानं कोण हालतंय? कुलूप आण," त्या म्हणाल्या.

गल्लीत तोवर एकाही दाराला कुलूप नव्हतं. अक्कांनी लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली कनवटीला खोचली. कपड्यांचं बोचकं माझ्या खांद्यावर दिलं. पदर खोचून पाण्यात उतरल्या. मला वाटलं, आता वरच्या रस्त्याला जायचं. त्या वळल्या उलट्या, नदीकडं. मी मागं मागं. दुकानवाल्यांच्या दारात पोचल्यावर त्यांनी श्वास घेतला आणि मोठ्यांदा, अगदी खणखणीत सांगितलं, "तात्या निघालं! घरदार घेऊन निघालं. तुमी काय बसलायसा?"

माझ्या हातातली छत्री खाली आली. अक्का खोटं बोलत होत्या.

दुकानदार "व्हय?" म्हणाले आणि आत वळले. पुढं काही विचारलंच नाही. आम्ही मागं आलो. वाटेतल्या प्रत्येक दारात अक्का तेच बोलल्या, आणि तात्यांच्या दारात जाऊन म्हणाल्या, "दुकानवालं निघालं. सुनंला घेऊन निघालं." तात्यांच्या तोंडावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. "निघाले? मग आता आपल्याला थांबून चालणार नाही," असं म्हणून त्यांनी आधीपासून भरून ठेवलेली बॅग दाराआडून काढली.

अंधार पडायच्या आत गल्ली मोकळी झाली. वरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या होत्या, त्यांतून सगळे मिरजेच्या बाजूच्या एका मंगल कार्यालयात गेले. सुनेला वाटेतच कळा सुरू झाल्या, तिला तशीच दवाखान्यात नेली. त्याच रात्री तिला मुलगी झाली. आणि सकाळी कळलं की आमच्या गल्लीत पाणी माझ्या गळक्या खोलीच्या खिडकीला लागलंय.

ट्रॉलीत मी अक्कांच्या शेजारी होतो. हळूच म्हटलं, "आवं, खोटं कसलं त्यात? निघालेच की सगळे. तुमी जरा आधी बोलला, एवढंच."

"वकिली करू नगंस," त्या म्हणाल्या. "मी बोललो तवा कोण निघालं नव्हतं. नेम मोडला." आणि तोंड फिरवून बसल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण बाईंनी आयुष्यभर दौलतीसारखी जपलेली एकच गोष्ट होती, ती त्यांनी घालवली होती, आणि तिथं मी काय अभिमान दाखवणार?

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात पंगत बसली. भात-आमटी होती. गल्ली सगळी एका रांगेत. अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, पुढं पान नाही.

तात्या म्हणाले, "अक्का, जेवा की. कांदा घातलेला नाही, मी विचारून आलोय."

"उपास हाय."

"आज कसला उपास?"

अक्का उठून उभ्या राहिल्या. आमटीचे हात थांबले. "काल मी खोटं बोललो. तात्या, तुमाला सांगितलं दुकानवालं निघालं. ते निघालं नव्हतं. त्यास्नी सांगितलं तुमी निघाला. तुमी बसून होता. सगळ्यास्नी फसवलं. माफी मागतो." आणि हात जोडले.

मी तात्यांकडे बघत होतो. हेडमास्तर माणूस, सगळ्या गल्लीसमोर कळलं होतं की ते थापेनं उठले. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"कोण म्हणतं फसवलं?" ते म्हणाले. "दुकानवाले माझ्या आधीच निघाले होते. मी डोळ्यांनी बघितलं."

दुकानदार क्षणभर गोंधळले. मग त्यांचा चेहरा उजळला. "व्हय तर. आणि तात्या आमच्या आधी निघालं होतं."

"तुमी त्यांच्या आधी आणि ते तुमच्या आधी?" अक्का म्हणाल्या.

"आमी दोघांच्याबी आधी," मागून मंडळाचे अध्यक्ष ओरडले. झालं. सगळी पंगत उठली. आमी सकाळीच निघालो होतो, आमी तर आदल्या दिवशीच कुलूप लावलं होतं, जो तो सांगायला लागला. म्हाताऱ्या बायका, पोरंसोरं, सगळे एका सुरात. उभ्या गल्लीनं अक्कांचा नेम वाचवायला बिनदिक्कत खोटं बोलायला सुरुवात केली होती.

अक्का संतापल्या. "एकानं म्हटलं की सगळ्यांनी म्हणायचं! दुसरं काय येतंय का तुमाला?" आवाज चढला होता, पण डोळे पाण्यानं भरले होते आणि ते त्या पुसत नव्हत्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "मेढ्याच्या, तू माझ्यासंगट होतास. ह्यांच्यागत बोलू नगंस. खरं सांग, आधी कोण निघालं?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. तात्या डोळ्यांनी खुणावत होते. दुकानदार मान हलवत होते.

"तुमी," मी म्हटलं. "अक्का, आधी तुमी निघाला. तुमी कुलूप लावलं तवा बाकी एकबी दार बंद नव्हतं. कोण निघालेलं नव्हतं, तरी तुमी पाण्यात उतरला."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. कुणी काही सांगितलं की ते खरं की खोटं हे त्या जसं तपासून बघायच्या, तसंच हेही त्यांनी तपासलं. वेळ लावून तपासलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मी आधी निघालो. हे खरं हाय."

आणि तात्यांच्या बायकोनं लगबगीनं वाढून आणलेलं ताट हातानं मागं सारत, ताठ बसत म्हणाल्या, "पण उपास मोडायचा न्हाई. त्यो खोट्याचा हाय, ह्येचा न्हाई."